थैलीतील दोन वजने

शीलाचा विषय निघाला म्हणजे आपली दृष्टी बहुधा थोर भक्तांच्या चरित्रांकडे जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु आम्हां भावंडांना ख्रिस्ती शीलाचा पहिला पाठ मिळाला तो बेळगावात, आजोबांच्या वाणसामानाच्या दुकानात, तराजूपाशी. तो पाठ पवित्र शास्त्राच्या कोणत्या वचनांवर उभा होता, हे येथे पाहावयाचे आहे.

अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात (१३ ते १५) आज्ञा आहे की, थैलीत एक जड व एक हलके अशी दोन वजने बाळगू नयेत. वजनाला मूळ इब्री शब्द आहे ‘एबेन’, म्हणजे दगड. त्या काळी व्यापारी दगडी वजने थैलीत घालून हिंडत, व रुपेही तोलूनच देत. अब्राहामाने एफ्रोनाला शेताबद्दल चारशे शेकेल रुपे दिले ते असेच तोलून (उत्पत्ती २३:१६). हलक्या दगडाने विकावे व जड दगडाने घ्यावे, ही तेव्हाची लबाडी. आमोस संदेष्टा अशाच व्यापाऱ्यांवर तुटून पडला आहे (८:५). वाचकांनी एका गोष्टीकडे मात्र लक्ष द्यावे. खोटे तोलू नको, एवढे म्हणून नियमशास्त्र थांबत नाही. खोटे वजन जवळ असूच देऊ नको, थैलीत नको आणि घरातही नको, असे ते सांगते.

आजोबांची या वचनावर परीक्षा झाली ती शेर जाऊन किलो आला तेव्हा. १९५८ च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने सुरू झाली व १९६२ च्या एप्रिलपासून सक्तीची झाली. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. म्हणजे पावशेर भरतो २३३, आणि पाव किलो २५०. गिऱ्हाइकांच्या जिभेवर मात्र पावशेरच राहिला (तो अजूनही आहे!). पैसे पाव किलोचे घ्यावे आणि जुन्या पावशेराने तोलून द्यावे, एवढीच ती युक्ती. सतरा ग्रॅम साखर कोणाच्या ध्यानात येणार?

नवी वजने आली त्याच दिवशी आजोबांनी जुनी सगळी गोणपाटात बांधली व लोहाराकडे मोडीत दिली. आजी रागावली. घरात आत्याचे लग्न ठरत होते. वजने निदान माळ्यावर तरी ठेवायची होती, मागून बरी किंमत आली असती, असे तिचे म्हणणे. आजोबा म्हणाले, “माळ्यावर असली म्हणजे दुकानातच आहेत, हो. वाईट दिवशी मला जिना चढता येतो.” आपल्या शीलावर त्यांचा फारसा भरवसा नव्हता, आणि आमच्या मते त्यांचे शील टिकले ते यामुळेच.

नव्या पैशांच्या वेळीही असेच झाले होते. १ एप्रिल १९५७ पासून आण्याचे सव्वासहा नवे पैसे झाले. पाव पैसा द्यावा कोणी? पुष्कळ ठिकाणी आण्याची वस्तू सात पैशांना झाली. आजोबांनी सहा केले, आणि चार वस्तू घेऊन पावली देणाऱ्याला एक पैसा परत मिळू लागला.

त्यांना दोषरहित ठरवण्याचा आमचा हेतू नाही. स्वभाव तापट होता, आणि पोरांनी गुळाला हात लावलेला त्यांना खपत नसे. त्याच गुळाने एकदा त्यांना गाठले. मालाच्या पारड्याखाली खडा चिकटून राहिला होता. तो दोनतीन दिवसांनी दिसला. तेवढे दिवस प्रत्येकाला माल कमी गेला होता. गणनेच्या पाचव्या अध्यायात (७ व ८) अशा वेळचा नियम आहे: मुद्दल भरून द्यावे, वर पाचवा हिस्सा घालावा, आणि घेणारा कोणी नसेल तर ते परमेश्वराला द्यावे. जक्कयाने चौपट देऊ केले (लूक १९:८), हे आजोबांना ठाऊक होते; पण तेवढे आपल्याला झेपणार नाही, असे ते स्पष्ट म्हणाले. उधारीच्या वहीत ज्यांची नावे होती त्यांच्या खात्यावर त्यांनी पाचव्या हिश्शासह रक्कम जमा केली. रोखीने घेणारे सापडेनात. त्यांचा अंदाजाने हिशेब करून ते पैसे रविवारी गरिबांच्या पेटीत टाकले. त्या आठवड्यात आमच्या चहात साखर कमी होती, आणि आजी काही बोलली नाही.