कथाकथनाचा पाठ : विरुनचा प्रवास

(इयत्ता चौथी)

हेतू : ज्याचे म्हणणे कोणी ऐकत नाही, त्याच्याजवळही सर्वांच्या हिताचे ज्ञान असू शकते, हे विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविणे.

साहित्य : जगाचा नकाशा.

शिक्षकासाठी माहिती : ‘द आइस इज कमिंग’ ही कादंबरी ऑस्ट्रेलियन लेखिका पॅट्रिशिया राइटसन (१९२१–२०१०) यांनी १९७७ साली प्रसिद्ध केली. १९८६ साली त्यांना बालसाहित्याचे हॅन्स ख्रिश्चन अँडरसन पदक मिळाले. कथेतील अद्भुत प्राणी ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या लोककथांतून घेतलेले आहेत. लेखिका मात्र त्या समाजातील नव्हत्या. त्या समाजाच्या कथा त्याच समाजाने सांगाव्यात, असा आक्षेप पुढे घेण्यात आला. तेव्हा ही त्यांची परंपरागत कथा आहे, असे वर्गात सांगू नये. तसेच, लोकसंख्या मोजताना मूळ रहिवाशांना वगळावे, असे कलम त्या देशाच्या राज्यघटनेत होते. ते १९६७ च्या सार्वमताने रद्द झाले. स्वतःच्याच भूमीत परका ठरणे म्हणजे काय, हे यावरून ध्यानी येईल.

निवेदन : विरुन हा मूळ रहिवाशांपैकी एक तरुण शहरात नोकरी करतो. रजेत तो एकटाच डोंगरावर मुक्कामास जातो. तेथे त्याला अकाली पडलेले हिम दिसते. शहरवासीयांना त्याचे काहीच वाटत नाही. वस्तुतः देशाच्या मध्यभागी, भूमीखालील गुहांत राहणारे निन्या नावाचे हिमलोक सारी भूमी पुन्हा बर्फाखाली आणण्यास निघालेले असतात. त्यांना भय असते ते पोटात अग्नी बाळगणाऱ्या पाषाणरूपी नारगनचे. सर्वांत वडील नारगनला निन्यांच्या आधी गाठणे, हे कार्य विरुन अंगावर घेतो. त्याच्या सोबतीला मिमी असते. ती उत्तरेकडील खडकांत राहणारी, वाऱ्याने मोडेल इतकी कृश. वाऱ्यानेच तिला घरापासून दूर आणलेले असते. या दोघा परक्यांवर देशाच्या रक्षणाचा भार पडतो.

येथे निवेदन क्षणभर थांबवावे व पुढे काय होईल, याचा तर्क मुलांना करू द्यावा.

प्रश्न : १. हिम सर्वांसमोर असता त्याची चिंता विरुनलाच का वाटली?
२. मिमीला परक्या भूमीत कसे वाटले असेल?
३. विरुनचे म्हणणे तुम्ही ऐकले असते का? का?

उपक्रम : आपल्या घरी सांगितली जाणारी एक गोष्ट प्रत्येकाने वडीलधाऱ्यांना विचारून आणावी. ती कोणाकडून ऐकली, हे प्रथम सांगून मग गोष्ट सांगावी.

दक्षता : परगावाहून आलेला, निराळी बोली बोलणारा एखादा मुलगा वर्गात मागे बसत असल्यास विरुनशी त्याची तुलना मुळीच करू नये; तसे केल्याने तो अधिकच एकटा पडेल. उपक्रमात मात्र त्याची पाळी लवकर यावी. त्याने आपल्या बोलीत गोष्ट सांगावी, शिक्षकाने मध्येच भाषा सुधारू नये. अडलेल्या शब्दाचा अर्थ मुलांनी त्यालाच विचारावा. ज्याला नेहमी विचारावे लागते, तो त्या दिवशी सांगणारा होईल. पाठाचा हेतू सफल झाला की नाही, हे प्रश्नांच्या उत्तरांपेक्षा यावरूनच ओळखावे.