उद्र आणि वृक्षशायिका : वर्गीकरणाच्या दोन दृष्टी

प्राणिज द्रव्यांचा विचार करताना संहितेतील नाम आणि प्रत्यक्ष प्राणी यांचा मेळ घालणे हे वैद्याचे पहिले कर्तव्य होय. या दृष्टीने पाणमांजर (उद्र) व शेकरू या दोन सस्तन प्राण्यांची तुलना उद्बोधक ठरते.

चरकाचार्यांनी मांसवर्गात उद्राची गणना कूर्म, मत्स्य यांच्यासह वारिशय गणात केली आहे. सुश्रुताचार्यांनी वृक्षशायिका (खारीचा वर्ग) वानरासमवेत पर्णमृगांत घेतली. येथे निकष अधिवास व आहार हा आहे. कारण प्रश्न मांसाच्या गुणांचा आहे. आधुनिक प्राणिशास्त्र मात्र शरीररचना व वंश पाहते. त्यानुसार पाणमांजर मांसभक्षी गणातील, तर शेकरू कृंतक गणातील, म्हणजे उंदराचा दूरचा आप्त ठरतो.

दंत : पाणमांजराचे सुळे तीक्ष्ण असतात. शेकरूला सुळे नसतात. पटाशीचे दात मात्र आयुष्यभर वाढतात.

कोष्ठ : मत्स्याहारी पाणमांजराच्या आंत्रात उंडुक नसते. फळे, बिया व साल खाणाऱ्या शेकरूत ते असते.

त्वचा व अवयव : पाणमांजराच्या दाट अंतर्लोमात हवा कोंडून राहते व थंडीपासून रक्षण होते, बोटांमध्ये पडदे असतात. शेकरूची नखे वक्र असून लांब शेपूट तोल सांभाळते.

व्यवहारात खरा धोका नामसादृश्याचा आहे. 'उदमांजर' हा शब्द कोठे पाणमांजरासाठी, तर कोठे झाडावर चढणाऱ्या कांडेचोरासाठी वापरला जातो. गंधमार्जाराचे कुल तर पाणमांजराहून सर्वस्वी भिन्न आहे. केवळ प्रचलित नावावर विसंबल्यास द्रव्यनिश्चिती होत नाही.

औषधालयाच्या मालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे दोन्ही प्राणी वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये संरक्षित असून त्यांची शिकार व अवयवांचा व्यापार हा गुन्हा आहे. 2019 मध्ये मऊ केसांच्या पाणमांजराचा आंतरराष्ट्रीय व्यापारही कराराच्या पहिल्या परिशिष्टाने रोखला गेला. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी असून त्याच्या रक्षणार्थ 1985 मध्ये भीमाशंकर अभयारण्य घोषित झाले. म्हणून कातडे, चरबी वा केस कोणत्याही नावाने विक्रीस आले, तरी ते स्वीकारू नयेत.

संहितेतील या प्राण्यांचे उल्लेख अभ्यासासाठी आहेत, संग्रहासाठी नव्हेत. गुणांचा विचार संहितेतून करावा, प्राण्याची ओळख शरीररचनेवरून पटवावी आणि चिकित्सेसाठी वनस्पतिज पर्यायांकडे वळावे, हेच आजच्या वैद्याला उचित होय.