बोट थांबत नाही

चि. मुक्ता,



ताईचा फोन येऊन गेला. कार्टून मालिकांच्या कथा लिहिण्यात इतका जम बसलेला असताना तू ‘पाळण्यांच्या जत्रेत’ निघालीस, असं तिचं म्हणणं. तिची समजूत मी काढलेली नाही, ते तुझं तू बघ. तू जे विचारलंस त्याला मात्र उत्तर देतो. थीम पार्कमध्ये गेल्यावर कथा लिहिणं सुटेल का, ही तुझी धास्ती. सुरुवात, मध्य, शेवट असं जे तू मन लावून बांधतेस ते बहुतेक सुटेल. पण एका चित्रात अख्खा प्रसंग बसवण्याची जी तुझी हातोटी आहे, तिच्यावरच तिथे पोट भरायचं आहे.

या वाटेनं गेलेली माणसं तुझ्याच धंद्यातली. मार्क डेव्हिस १९३५ साली डिस्नेच्या स्टुडिओत लागला. ‘बँबी’च्या कथेची चित्रं त्यानं काढली, पुढे टिंकर बेल, मॅलेफिसंट, क्रुएला अशी एकापेक्षा एक बायामाणसं उभी केली. क्रुएलाचा चित्रपट १९६१चा. त्यानंतर तो सिनेमा सोडून डिस्नेलँडच्या कामाला गेला. वॉल्ट डिस्नेनं त्याला तिथली खाणीतली आगगाडी बघून ये म्हणून धाडलं होतं. वाटेत जनावरांचे हलते पुतळे होते. एक कोल्हा मान वरखाली करायचा, बराच दूर बसलेला दुसरा डावीउजवीकडे. डेव्हिसनं सुचवलं, दोघांना समोरासमोर बसवा. यंत्रं तीच, पुतळे तेच. पण आता एक ‘हो’ म्हणतोय आणि दुसरा ‘नाही’, झालं भांडण सुरू! गाडीतल्या माणसाला ते दोन सेकंदांत कळतं आणि हसू येतं. मुक्ता, तुला पगार मिळेल तो या दोन सेकंदांचा.

डिस्नेलँडच्याच ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ या राइडमधला तुरुंग तू व्हिडिओत पाहिला असशील. गजाआड चाचे, बाहेर किल्ल्यांचा जुडगा तोंडात धरून बसलेला कुत्रा, आणि आतून कोणी हाड दाखवतोय, कोणी दोरीचा फास धरून बसलाय. कुत्रा ढिम्म. १९६७च्या मार्चमध्ये ही राइड सुरू झाली, तेव्हापासून ते कैदी त्याला असंच चुचकारताहेत. बोट कधीही येऊ दे, प्रसंग ऐन रंगातच असतो. पटकथेत तू लिहिलं असतंस, कुत्रा वळतो, किल्ली पडते, दार उघडतं. इथे दार उघडलं की संपलं, कारण मागून दुसरी बोट येतेच आहे आणि तिला उघडं दार दिसून काय उपयोग!

गणपतीतल्या हलत्या देखाव्यांवरून हे तुला चटकन उमगेल. मी मंडळांसाठी नेपथ्य करायचो तेव्हा निवेदनाची टेप लागायची आणि अफझलखानाचा वध ठरलेल्या मिनिटाला व्हायचा. तोवर पोलिसांनी ‘चला, पुढे चला’ करत निम्मी गर्दी पुढच्या मंडपाकडे ढकललेली असायची. तिला दिसायचा तो नुसता मान डोलवणारा खान. कळती मंडळं म्हणून असा क्षण निवडायची, की बघणारा केव्हाही येऊन ठेपला तरी त्याला गोष्ट पुरी मिळावी.

आता एक्स. अ‍ॅटेन्सिओ. हा माणूस मला डेव्हिसपेक्षाही जवळचा वाटतो, कारण डेव्हिस पहिल्यापासून थोरच होता. अ‍ॅटेन्सिओ १९३८ साली स्टुडिओत आला, ‘पिनोकिओ’त मधली चित्रं भरण्याचं काम त्यानं केलं. १९६५ साली, वयाच्या पंचेचाळिशीत, वॉल्टनं त्याला पार्कच्या कामावर घेतलं आणि चाच्यांच्या राइडची संहिता लिही म्हणून सांगितलं. संहिता त्यानं जन्मात लिहिली नव्हती. गाणं हवं असं त्याला वाटलं, थोड्या ओळी रचून दाखवल्या. मनात होतं, पुढचं काम नेहमीच्या गीतकारांकडे जाईल. वॉल्ट म्हणाला, झकास आहे, जॉर्ज ब्रन्सकडून चाल लावून घे. झाला गीतकार! राइडमधल्या बोलत्या कवटीलाही आवाज त्याचाच.

पण मला सांगायचंय ते याच राइडमधल्या लिलावाच्या प्रसंगाबद्दल. तिथे दहा तोंडं एकदम बोलतात. अ‍ॅटेन्सिओनं ते पहिल्यांदा जुळवून ऐकलं आणि हिरमुसला. एक वाक्य धड कळेना. त्यानं वॉल्टची माफी मागितली. वॉल्टनं समजावलं ते असं, की पार्टीत आपण असेच तर फिरतो, इकडचं अर्धं तिकडचं अर्धं कानावर घेत. लोक पुन्हा येतील तेव्हा नवं काहीतरी ऐकतील. संवादाचा शब्दन् शब्द पोचलाच पाहिजे हा तुझा हट्ट मला ठाऊक आहे. तो उंबऱ्याबाहेर ठेव.

आणि इंजिनियरांशी गट्टी कर. डिस्नेलँडभोवती मातीचा बांध आहे, त्यावरून आगगाडी धावते. आत जागा पुरेना म्हणून चाच्यांच्या राइडची मोठी इमारत बांधाबाहेर बांधली. मग माणसांना रुळांखालून न्यायचं कसं? बोट अंधारात धबधब्यावरून खाली घसरते, ती यासाठी. बघणाऱ्याला वाटतं, आपण जुन्या काळात कोसळलो. तिथल्याच ‘हॉन्टेड मॅन्शन’ या भुतांच्या राइडमध्ये तर खोली ताणली जाते, भिंतींवरची चित्रं लांबत जातात आणि खाली भलतंच काही उघड होतं, मुळात ती खोली म्हणजे माणसांना रुळांखालून नेण्यासाठी खाली उतरवणारी लिफ्ट. फ्लोरिडातल्या डिस्ने पार्कात ही अडचण नव्हती, तरी खोली तशीच ठेवली, फक्त जमीन खाली जाण्याऐवजी तिथे छत वर जातं. अडचण गेली आणि गंमत उरली! स्थापत्याच्या नकाशावर खांब, तुळई, पाण्याची टाकी दिसली की नाक मुरडू नकोस. तिथे काय लपवायचंय ते विचार, प्रसंग बहुतेक तिथेच सापडतो.

भांडणंही होतील. मॅन्शनच्या वेळी डेव्हिसला विनोद हवा होता आणि पार्श्वचित्रं रंगवण्यात मुरलेल्या क्लॉड कोट्सला भीती. निवाडा करणारा वॉल्ट १९६६च्या डिसेंबरात वारला. मग पहिला भाग अंगावर काटा आणणारा आणि पुढचा भुतांची जत्रा, असं दोन्ही राहिलं. काही जाणकारांना ते विस्कळीत वाटतं. मला नाही वाटत; भ्यालेल्या माणसाला हसवणं सोपं जातं. तरी तू रुजू होण्यापूर्वी एवढं विचार, की दोन मतं झाली तर शेवटचा शब्द कुणाचा? उत्तर ‘आम्ही सगळे मिळून ठरवतो’ असं आलं तर सावध राहा.

नावाचा लोभ धरू नकोस. मालिकेच्या शेवटी निदान क्षणभर तुझं नाव सरकतं; बोटीतून उतरणारा आईस्क्रीम शोधत निघतो. लिहिलेलंही तसंच राहणार नाही. चाचे बायकांच्या मागे धावायचे, १९९७ साली ते खाण्यामागे धावू लागले. लिलावातली तांबड्या केसांची बाई २०१८ साली स्वतःच चाच्यांतली एक झाली. राइडवरून सिनेमा निघाला आणि २००६ साली सिनेमातला जॅक स्पॅरो राइडमध्ये येऊन बसला. यातले काही बदल मला पटतात, काही नाही, पण पाच-पन्नास वर्षं रोज हजारो माणसांपुढे चालणारी गोष्ट कुणी ना कुणी हात लावल्याशिवाय राहत नाही.

मुलाखतीआधी खोपोलीच्या ‘इमॅजिका’त एक अख्खा दिवस घालव, शक्यतो गर्दीचा. २०१३पासून चालू असलेलं पार्क आहे, ‘मि. इंडिया’वरची राइडही तिथे आहे. तू मात्र बाहेर पडणाऱ्या लोकांकडे बघ. उतरल्यावर पोरं आईला कुठला प्रसंग हातवारे करून सांगतात, तो वहीत उतरव. रांगेत आजोबा कुठे कंटाळतात तेही. रांग हा राइडचा पहिला अंक असतो आणि तो लिहायला सहसा कुणी तयार नसतं. तू माग, देतील.

शेवटचं, पगाराइतकंच महत्त्वाचं. त्यांना विचार, लेखकाला कधी बोलावता? नकाशा कागदावर असताना, की काँक्रीट पडल्यावर पाट्यांवरचा मजकूर लिहायला? दुसरं असेल तर चालू मालिका सोडू नकोस, कितीही देत असले तरी. पहिलं असेल तर राजीनामा दे आणि मग ताईला कळव, त्याच क्रमानं.

तुझा,
मामा