झिप उघडली म्हणजे सुटली नव्हे

नेवाशात शके १२१२ मध्ये सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी आम्ही काही जण संगणकावर उतरवत होतो. अध्यायाला एक, अशा १८ साध्या टेक्स्ट फायली. प्रूफं तपासणारे गुरुजी नगरला, म्हणून सगळ्या एका झिपमध्ये बांधून पाठवल्या.

गुरुजींनी झिपवर डबल क्लिक केलं, फोल्डरसारखी यादी दिसली. त्यातूनच अठरावा अध्याय उघडून ते रात्रीपर्यंत ओव्या तपासत बसले. १८१० ओव्यांचा अध्याय तो! झिप परत आली ती होती तशीच. फोनवर गुरुजी म्हणाले, "अहो, मी सेव्ह केलं होतं!" खरंच केलं होतं. पण न सोडवता फाइल उघडली की संगणक तिची तात्पुरती प्रत समोर ठेवतो. दुरुस्त्या बहुतेक वेळा त्या प्रतीतच राहतात, झिपला त्याचा पत्ता नसतो.

दुसरा घोळ नावांचा. झिपची पद्धत १९८९ची. फाइलचं नाव युनिकोडमध्ये आहे, ही खूण तिच्यात २००६ साली आली. जुनं सॉफ्टवेअर ती ओळखत नाही आणि देवनागरी नावांची अगम्य चिन्हं करतं.

म्हणून आता आमचा नेम असा. झिप आली की राइट क्लिक करून आधी एक्स्ट्रॅक्ट करायची, मग काम. फायलींची नावं रोमन अक्षरांत, क्रमांक दोन आकडी: ०१, ०२. नाहीतर काही ठिकाणी एकामागून थेट दहावा अध्याय येतो. मजकूर सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडायचं. एएनएसआय निवडलं तर ओव्यांच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात, ती परत अक्षरं होत नाहीत. ७-झिप फुकट मिळतं, त्याची पोर्टेबल आवृत्ती पेनड्राइव्हवरूनही चालते. त्यातलं 'टेस्ट'चं बटण वाटेत फाइल बिघडली का ते सांगतं. ओवी चुकली का, ते मात्र माणसानेच पाहायचं. पाठभेद पारखून ज्ञानेश्वरी शुद्ध करायला शके १५०६ मध्ये एकनाथ महाराजांनाच बसावं लागलं होतं.

आणि दुरुस्त झिपला नवं नाव, तारखेसकट. समोरच्याने "अठराही उघडल्या" असं कळवेपर्यंत आपल्याकडची मूळ फाइल पुसायची नाही.