ईमेल पत्तासूची आणि प्रशासन

ईमेल प्रणालीतील पत्तासूची ही कार्यालयाची सामूहिक स्मृती असते. हरियाणाच्या अनेक विभागांची संचालनालये पंचकुला येथे आहेत. अशा ठिकाणी अधिकाऱ्याची बदली झाली आणि नागरिकाचा अर्ज त्याच्या नावाच्या पत्त्यावर गेला, तर तो अनुत्तरित राहू शकतो. केंद्र सरकारच्या २०१५ च्या ईमेल धोरणात नावाधारित पत्त्याबरोबरच पदनामाधारित पत्त्याची तरतूद होती. पदनामाचा पत्ता उत्तराधिकाऱ्याकडे सोपविता येतो; त्यामुळे पत्रव्यवहार खंडित होत नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मधून निव्वळ व्यक्तिगत वा घरगुती कारणासाठी व्यक्तीने ठेवलेली सूची वगळलेली आहे. कार्यालयीन सूचीला ही सवलत नाही. म्हणून दुबार व कालबाह्य नोंदी काढणे, तसेच सामूहिक संदेशात प्राप्तकर्त्यांचे पत्ते परस्परांपासून गुप्त ठेवणे आवश्यक ठरते.