तळपायाला चिकटलेलं डांबर कोणाचं?

प्रश्न : आमचं घर शिरगावला, किनाऱ्यालगत. दर पावसाळ्यात एखाद्या सकाळी वाळूवर काळे, चिकट गोळे पसरलेले दिसतात. पोरांचे पाय माखतात, मच्छीमारांची जाळी वाया जातात. गावात सगळे म्हणतात, हे तारापूर एमआयडीसीचं डांबर. खरं का? आणि ते नेमकं पावसाळ्यातच का येतं?
– एक वाचक, शिरगाव (ता. पालघर)

उत्तर : एमआयडीसीच्या पापांचा पाढा मोठा आहे, त्याकडे येतोच. पण हे पाप तिचं नाही. तुमच्या पोरांच्या पायाला लागतं ते खनिज तेल. ते भर समुद्रात सांडलेलं असतं आणि किनाऱ्याला लागेपर्यंत कित्येक दिवस, कधी आठवडे पाण्यावर भटकलेलं असतं.

एखादा गोळा काडीने फोडून बघा. वरचं कवच घट्ट, त्याला वाळू आणि शिंपल्यांचा चुरा लागलेला. आतलं मात्र चिक्कीच्या पाकासारखं मऊ, तार सुटणारं. वास थेट गॅरेजमधला. कच्चं तेल म्हणजे एक पदार्थ नव्हे, शेकडो घटकांची खिचडी. ते पाण्यावर सांडलं की त्यातले पेट्रोलसारखे हलके घटक पहिल्या एक-दोन दिवसांतच उडून जातात. मागे उरतात जड घटक, मेण आणि डांबर. लाटा रवीसारख्या त्यात पाणी घुसळत राहतात, मग त्याचा तपकिरी, लोण्यासारखा जाड तवंग होतो. त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. हा तवंग फुटत जातो, त्याच्या ढेकळांवर उन्हाने पापुद्रा धरतो आणि वर्तमानपत्रांत ज्यांना ‘डांबरगोळे’ म्हणतात ते तयार होतात.

साबणाने ते निघत नाहीत. गावात रॉकेलचा बोळा फिरवतात किंवा खोबरेल चोळतात, ते बरोबरच आहे, कारण तेल तेलातच विरघळतं. पोरांना मात्र खोबरेलच लावा, रॉकेलने कातडी भाजते.

पावसाळ्यात का, याचं उत्तर वाऱ्यात आहे. मेच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्येचा वारा पाण्यावर तरंगणारं सगळं आपल्या किनाऱ्याकडे ढकलतो. पुढे वारा फिरतो. तेल सांडायचं थांबत नाही, आपल्या दारात येत नाही एवढंच.

आता ते सांडतं कुठून? मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र आहे. ‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खोदणाऱ्या रिगने १९७४ साली तिथे तेल शोधलं आणि १९७६ पासून ते निघायला लागलं. १७ मे १९९३ रोजी तिथून उरणला येणारी तेलवाहिनी फुटली आणि हजारो टन तेल समुद्रात गेलं. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजं आदळली आणि सुमारे ८०० टन इंधन सांडलं. असे अपघात बातमीत येतात. दर वर्षी न चुकता येणाऱ्या गोळ्यांचं मूळ मात्र बातमीत न येणाऱ्या जागीही आहे : तेलवाहू जहाजांच्या टाक्या धुण्यात.

टँकर रिकामा झाला तरी टाकीच्या भिंतींना तेल चिकटून राहतं. ते धुतलेलं पाणी समुद्रात सोडायला आंतरराष्ट्रीय कायद्याची परवानगी आहे, अटींसह. किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांच्या बाहेर, चालत्या जहाजातून, मैलाला ३० लिटरपेक्षा जास्त तेल नाही आणि एकूण आधीच्या मालाच्या तीस हजाराव्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही. ऐकायला थेंबभर वाटतं. तीन लाख टनांचं जहाज धरा, हिशेब दहा टनांवर जातो, तोही कायदा पाळून. रात्रीच्या अंधारात न पाळणारे वेगळेच. आपण ऐंशी टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून आणतो, त्यातलं बरंचसं याच अरबी समुद्रातून येतं.

गोळा नेमका कोणाचा, हे कळू शकतं. तेल ज्या प्राचीन सूक्ष्म जिवांपासून बनलं, त्यांच्या पेशींमधले काही रेणू कोट्यवधी वर्षं टिकून राहतात आणि त्यांचं आपसातलं प्रमाण प्रत्येक तेलक्षेत्रात वेगळं असतं. हा झाला तेलाच्या बोटाचा ठसा. गोव्यातल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पश्चिम किनाऱ्यावरचे गोळे असे तपासले आहेत. काहींचा ठसा बॉम्बे हायच्या तेलाशी जुळला, काहींचा टँकरच्या धुण्याशी. म्हणजे चोर सापडू शकतो. अडचण एवढीच, की आपण गोळे गोळा करून खड्ड्यात पुरतो आणि पुरावाही त्यांच्याबरोबर पुरला जातो.

एकदा मात्र शोध घ्यायची गरजच पडली नव्हती. मे २०२१ च्या तौक्ते वादळात ‘गाल कन्स्ट्रक्टर’ हा तराफा भरकटत येऊन तुमच्याजवळच, वडराईसमोर रुतला. त्यावरच्या १३७ जणांना हेलिकॉप्टरने सुखरूप काढलं, पण तराफ्यातलं तेल वडराईच्या वाळूवर आलं. त्याच वादळात तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला आणि त्यावरची सत्तरहून अधिक माणसं गेली. वेल्डर, फिटर, हेल्पर अशी रोजंदारीची माणसं ती. पेट्रोलच्या दराच्या पाटीवर त्यांचा हिशेब कुठे लिहिलेला नसतो.

आता एमआयडीसी. तारापूरला रंग, औषधांचा कच्चा माल, कापडावरची रसायनं बनतात. त्यातल्या पुष्कळशा मालाची सुरुवात बेंझिन, टोल्युइनसारख्या द्रवांपासून होते आणि ते द्रव तेलशुद्धीकरण कारखान्यातून येतात. म्हणजे तीही तेलाचीच लेकरं. पण कारखान्यांच्या सांडपाण्यातली रसायनं पाण्यात विरघळलेली असतात, त्यांचे गोळे होत नाहीत. ते सांडपाणी नवापूरच्या समुद्रात आणि आसपासच्या खाड्यांत जातं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या पाहणीत तारापूरला ९३.६९ गुण मिळाले होते. परीक्षेत मिळाले असते तर पेढे वाटले असते. इथे त्याचा अर्थ होता, तेव्हाचा देशातला सर्वांत प्रदूषित औद्योगिक पट्टा. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांना आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला कोट्यवधींची भरपाई भरायला सांगितलं. तेव्हा नवापूर-दांडीची खाडी एमआयडीसीच्या खात्यावर घाला, शिरगावचं डांबर नको. सगळा आळ एकावर घातला की दुसरा चोर सुटतो, आणि पहिल्यालाही कोर्टात म्हणायला सापडतं, बघा, हे लोक काहीही आरोप करतात.

तुमच्या पत्राच्या शेवटी, वर न छापलेली एक ओळ आहे : ‘आम्हा मच्छीमारांचा या तेलाशी काय संबंध?’ राग समजतो, पण संबंध आहे. तुमच्या शेजारच्या सातपाटीच्या होड्यांवर पूर्वी शीड होतं आणि जाळी सुताची, सणाची होती. आज इंजिन डिझेलचं आणि जाळं नायलॉनचं, म्हणजे तेही तेलाचंच. पापलेट जवळ मिळेनासं झालं तशी नाव लांब जायला लागली आणि डिझेल जास्त जळायला लागलं. सरकारने २०२३ साली पापलेटला राज्यमासा केलं. त्याने डिझेलचं पिंप भरत नाही. मार्च २०२२ मध्ये घाऊक डिझेल लिटरमागे २५ रुपयांनी महागलं आणि मच्छीमार सोसायट्यांचे पंप घाऊक ग्राहकांत मोडत असल्याने त्यांना मुंबईत १२२ रुपयांचा भाव लागला. रस्त्यावरच्या पंपावर तेच डिझेल ९४ रुपयांना होतं. तेव्हा मोटारवाल्याला स्वस्त आणि नावेच्या तांडेलाला महाग, हा कुठला न्याय, हे मलाही सांगता येणार नाही. तेल सांडलं की जाळं पहिलं त्याचं जातं आणि तेल महागलं की फेरीही पहिली त्याचीच बुडते. भरपाई मागण्याचा हक्क त्याचा सगळ्यांत मोठा आहे तो यामुळेच. तेल वापरतो म्हणून हा हक्क कमी होत नाही.

पण भरपाईला पुरावा लागतो. तेव्हा पुढच्या खेपेला गोळे दिसले की आधी फोटो काढा, तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवा आणि गोळे पुरण्यापूर्वी दोन-तीन बाजूला ठेवा. तारीख, वेळ, भरती होती की ओहोटी, एवढं चिठ्ठीवर लिहा. गोळे झाकणाच्या काचेच्या बरणीत घाला आणि बरणी गार, अंधाऱ्या जागी ठेवा. प्लास्टिकची पिशवी नको. प्लास्टिक तेलापासूनच बनतं, त्यातले घटक नमुन्यात उतरतात आणि ठसा बिघडतो.