खालच्या काठावरचा शेजारी



आपल्या लोणावळ्याजवळ, कुरवंड्याच्या परिसरात इंद्रायणी उगम पावते. मावळातून कामशेत, देहू असा प्रवास करीत ती आळंदीला जाते आणि तुळापूरला भीमेला मिळते. आळंदीत वारकरी तिचे पाणी तीर्थ म्हणून ओंजळीत घेतात. त्याच पाण्यावर अलीकडच्या वर्षांत पांढऱ्या फेसाचे थर तरंगताना आपण वर्तमानपत्रांत पाहिले आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली देशातील 351 प्रदूषित नदीपट्टे नोंदवले. त्यांतील 53 महाराष्ट्रातले होते आणि इंद्रायणी त्यांत होती.

साबण, डिटर्जंट आणि रसायने यांमुळे असा फेस येतो. पण फेसापेक्षा न दिसणारी हानी मोठी असते. सांडपाण्यातील घाण कुजवताना जीवाणू पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात. मग मासे गुदमरतात आणि पाण्याला दुर्गंधी येते. सांडपाण्यातील पोषक द्रव्यांवर जलपर्णी मात्र फोफावते.

“ही घाण खालच्या शहरांची आणि कारखान्यांची, आपला काय संबंध?” असे कोणी म्हणेल. तिचा मोठा भाग खालीच मिसळतो, हे खरे. पण आपण वरच्या अंगाला राहतो. आपल्या मोरीतून गेलेले पाणी दुसऱ्या कोणाच्या तरी घाटावर पोहोचते.

यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथाचा 34 वा अध्याय या दृष्टीने वाचावा. प्रथम देव मेंढपाळांना, म्हणजे राज्यकर्त्यांना, जाब विचारतो. त्यांनी स्वतःचे पोट भरले आणि कळप वाऱ्यावर सोडला. आपण बहुधा इथेच थांबतो, कारण सरकारला बोल लावणे सोपे असते. पण 17 व्या ओवीपासून देव मेंढरांकडे वळतो. धष्टपुष्ट मेंढरे स्वच्छ पाणी पितात आणि उरलेले पायांनी गढूळ करतात. मागून येणाऱ्या दुबळ्यांना तेच प्यावे लागते. देव दोघांचाही न्याय करतो.

आपल्या राज्यघटनेतही हे दोन्ही आढळते. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने कलम 48-अ मध्ये पर्यावरणाचे रक्षण शासनाकडे सोपवले आणि कलम 51-अ मध्ये नद्या, वने व तलाव जपणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले.

शासनाचे काम शासनानेच करायला हवे. सांडपाणी शुद्धीकरण केंद्र कोणी आपल्या परसात उभारू शकत नाही. 1974 च्या जल प्रदूषण कायद्याने कारखान्यांवर देखरेख ठेवण्याचा अधिकार प्रदूषण नियंत्रण मंडळांना दिला आहे. तो वापरला जातो की नाही हे विचारणे आपले काम. मध्य प्रदेशातील रतलाम येथे उघड्या गटारांनी त्रासलेले रहिवासी दंडाधिकाऱ्याकडे गेले. नगरपालिका म्हणाली, आमच्याकडे पैसा नाही. 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने ही सबब नाकारली. लोक आधी उठले म्हणून हा न्याय मिळाला.

ख्रिस्तसभेची शिकवणही असेच सांगते. पोप अकरावे पायस यांनी 1931 साली एक तत्त्व मांडले : लहान समूहाला जे करता येते ते मोठ्याने हिरावून घेऊ नये. याचीच दुसरी बाजू अशी की लहानांच्या आवाक्याबाहेरचे काम मोठ्यांनी टाळू नये, आणि लहानांनीही आपल्या वाट्याचे काम वर ढकलू नये. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश यांना एकत्र जोडले, ते याच जाणिवेने.

आता आपल्या अंगणाकडे पाहू. आपल्या सभागृहाच्या मोरीचे साबणपाणी मागच्या ओढ्यात जाते. गेल्या सणाच्या जेवणानंतर प्लास्टिकचे ग्लास आणि ताटल्याही तिथे मला दिसल्या. मी ते पाहिले आणि गप्प राहिलो. ही माझी चूक आहे. पावसाळ्यापूर्वी तिथे शोषखड्डा करावा, असा प्रस्ताव मी धर्मग्राम परिषदेपुढे ठेवणार आहे. यापुढे सभागृहात स्टीलची ताटे वापरू. ती घासायला मीही उभा राहीन. आपले हात स्वच्छ करण्याची सुरुवात केली, की नगरपरिषदेकडे किंवा ग्रामसभेत आपण ताठ मानेने प्रश्न विचारू शकू.

या आठवड्यात कुटुंबात विचार करावा :

1. आमच्या घरचे सांडपाणी शेवटी कुठे जाते?
2. आमच्या प्रभागातील किंवा गावातील गटाराबद्दल आम्ही कधी लेखी तक्रार केली आहे का?
3. पापनिवेदनाच्या तयारीत, खालच्या काठावरच्या न दिसणाऱ्या शेजाऱ्याची आठवण मला होते का?

प्रभू आपल्याला निर्मळ पाणी आणि निर्मळ मन देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू